लोणारच्या काठावरून मंगळ

गेल्या माघ महिन्यात माझ्या मंठ्याच्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय ७६. सारी हयात खेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली. पत्नीचे निधन होऊन वर्ष झाले होते. पुण्यात नवव्या मजल्यावर राहणारा मुलगा त्यांना आता कायमचे घेऊन जाणार होता. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या लिहून घेताना ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगा म्हणतो पुण्याला नेतो. मला तर मंगळावर निघाल्यासारखं वाटतंय."

ते हसले खरे, पण नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर खिळलेली होती. मी म्हणालो, "गुरुजी, मंगळावर जायचं तर आधी तालीम करावी लागते. रविवारी लोणारला येता?"

मंठा हा जालना जिल्ह्याचा पूर्वेकडील तालुका. इथून निघालात की हरभऱ्याचे घाटे, वेचून झालेली पऱ्हाटी आणि काळी जमीन पाहता पाहता जिल्ह्याची हद्द ओलांडून तासाभरात लोणारच्या काठावर पोहोचता. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, तळाशी खारे पाणी, भोवती दाट झाडी. ज्येष्ठांनी खाली उतरण्याचा मोह टाळावा. उतरताना गुडघे आणि चढताना छाती, दोन्हींची परीक्षा होते. काठावरून सारे दिसते. सकाळी लवकर जावे, पाणी आणि दुपारच्या गोळ्या सोबत घ्याव्यात. मधुमेह असेल तर खिशात साखर ठेवावी.

उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्रावरचे काळसर डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा असल्यामुळे शास्त्रज्ञ लोणारला येऊन तिथल्या भूमीचा अभ्यास करतात. गुरुजींना हे माझ्याहून अधिक ठाऊक होते. पायाखालचा दगड काठीने ठोकून ते म्हणाले, "म्हणजे आमच्या घराच्या भिंती मंगळाच्याच दगडाच्या की!"

कट्ट्यावर बसून मी त्यांना ह्यूस्टनची हकिकत सांगितली. जून २०२३ मध्ये 'नासा'ने चार जणांना मंगळावरच्या घराची प्रतिकृती असलेल्या १,७०० चौरस फुटांच्या बंद घरात ठेवले. ते ३७८ दिवस आत राहून जुलै २०२४ मध्ये बाहेर आले. चौघांपैकी एकही अंतराळवीर नव्हता. एक संशोधक, एक अभियंता, एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि एक डॉक्टर (हे मी जरा अभिमानानेच सांगितले). त्यांनी आत भाजी पिकवली, व्यायाम केला, दिवसाचे वेळापत्रक पाळले. मंगळावरून पृथ्वीवर निरोप पोहोचायला २२ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून त्यांचे निरोपही तेवढेच उशिरा पोहोचवले जात. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणे त्यांना शिकावे लागले. घरातल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी एवढे एक शिकले तरी पुष्कळ आहे. आजोबांच्या ओठांवर शब्द येईपर्यंत आपण तीन प्रश्न विचारून मोकळे झालेलो असतो.

पण वैद्य म्हणून मला अधिक बोलायचे होते ते बिछान्याविषयी. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून हाडांना वाटते की आपले काम संपले. मांडीच्या व कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. उतारवयात आपली तेवढी घट व्हायला साधारण एक-दोन वर्षे लागतात. म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. या घटीचा अभ्यास जमिनीवर कसा करावा? शास्त्रज्ञांनी सोपा उपाय शोधला: धडधाकट माणसाला अंथरुणावर झोपवून ठेवायचे. २०१९ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे स्वयंसेवकांना डोक्याकडची बाजू सहा अंश खाली ठेवून ६० दिवस झोपवले. जेवण, अंघोळ, सारे पडूनच. अमेरिकेतील २००७ च्या एका अभ्यासात तर सरासरी ६७ वर्षांची निरोगी माणसे केवळ दहा दिवस अंथरुणावर होती. त्यांच्या पायांचे मांस जवळजवळ एक किलोने घटले.

हे वाचले तेव्हा माझी आई डोळ्यांसमोर आली. पंधरा वर्षांपूर्वी ती न्हाणीत घसरली. हाड मोडले नव्हते, मुका मार होता. डॉक्टर मुलगा म्हणून मीच फर्मान काढले, "आई, तीन आठवडे हलायचं नाही." सारे घर माझ्या आज्ञेत. पाणी हातात, जेवण हातात, भांडे पलंगाखाली. तीन आठवड्यांनी ती उठायला गेली तेव्हा पाय तिचे ऐकेनात. पुढली दोन वर्षे ती पलंग ते खुर्ची एवढ्याच जगात राहिली. एकदाही तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

गुरुजींना मी हे सांगितले. ते बराच वेळ खाली पाण्याकडे पाहत राहिले. मग विचारले, "तिकडे मी करू काय, डॉक्टरसाहेब? इथं सकाळी मळ्यापर्यंत जातो. तिथं लिफ्ट आणि सोफा."

मग आम्ही तिथेच तयारी ठरवली. एकदम कायमचे जायचे नाही. आधी आठ दिवस राहून परत यायचे, तालीम म्हणून. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव आजपासून, सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा; सुरुवातीला कुणी तरी जवळ उभे असावे. चक्कर आली किंवा छातीत भरून आले तर तिथेच थांबायचे. उठण्याजेवण्याची वेळ गावचीच ठेवायची. पुण्याच्या घरात पहिल्या रात्रीच पलंगापासून संडासापर्यंत दिवा लावून मुलासोबत चालून पाहायचे, कारण नव्या जागी म्हातारी माणसे अंधारात पडू शकतात. गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरांत. आणि घरातले एक काम त्यांच्या एकट्याचे. ते दुसऱ्या कुणी करायचे नाही. त्यांनी गॅलरीतल्या कुंड्या मागून घेतल्या. मुलाला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "पण डॉक्टर, आम्ही त्यांना आराम मिळावा म्हणूनच नेतोय ना?" मी त्याला आईची हकिकत सांगितली. तो गप्प झाला.

गुरुजी चैत्रात गेले. परवा त्यांचा फोन आला. मेथी उगवली आहे. सातव्या मजल्यावरची एक मुलगी नकाशा भरायला त्यांच्याकडे येते. मंठ्याची सकाळ आठवते. संध्याकाळी फार जड जाते. आणि मध्यरात्री उठले की भिंत अजून डाव्या हाताला शोधतात, ती तिथे उजवीकडे आहे. त्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवायला मी त्यांच्या सूनबाईंना सांगितले आहे.