केरसुणीवर बसलेली चेटकीण

‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या ऑपेरातला बाप केरसुण्या बांधून गावोगाव विकतो. घरात दाणा नाही. कामं टाकून पोरं भूक विसरायला नाचतात, तेवढ्यात आई येते, चिडून मारायला धावते आणि दुधाचं भांडं तिच्याच हातून फुटतं. रात्रीचं जेवण तेवढंच होतं. ती पोरांना रानात स्ट्रॉबेऱ्या वेचायला पिटाळते आणि मागे एकटी रडत बसते.

‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ची गोष्ट ठाऊक होती. तिचा ऑपेरा मात्र मी आनेकलला लेकीकडे गेले तेव्हा पाहिला, तोही नातीच्या हट्टाखातर, टीव्हीवर. मला त्यातलं शास्त्र शून्य कळतं. हॅन्सेलचं काम बाई करते हे बघून हसू आलं. पण बालगंधर्वांची नेसण बघून लुगडं नेसायला शिकलेल्या बायकांच्या नातींनी यावर हसावं म्हणजे कमालच!

एंगेलबर्ट हम्परडिंकने आपल्या बहिणीच्या, आडेलहाइड वेटेच्या, मुलांसाठी काही गाणी रचली आणि त्यांतून हा ऑपेरा वाढला. 23 डिसेंबर 1893 रोजी वायमारला पहिला प्रयोग झाला, वाद्यवृंदाचं संचालन रिचर्ड श्ट्राउसकडे होतं. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत आईबाप पोरांना ठरवून रानात सोडतात. वेटेने ते काढून टाकलं. गोष्ट मवाळ केली म्हणून तिला नावं ठेवणारे असतील, पण मला तिचीच आई खरी वाटते. दुष्ट बाई गोष्टीत भेटते, थकलेली बाई घरोघरी असते.

संगीताबद्दल मात्र तक्रार आहे. हम्परडिंक वाग्नरच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळे वाद्यवृंद भरगच्च. रानात झोपलेल्या पोरांभोवती 14 देवदूत उतरतात तिथे तो भरगच्चपणा शोभतो, डोळे भरून येतात. पण उपाशी पोरांच्या गाण्याला एवढं तूप कशाला?

बाप झिंगून गात घरी येतो. जत्रेमुळे केरसुण्या चढ्या भावाने खपल्या आहेत. टोपलीतून बटाटे, कांदे, अंडी निघतात, पाव पौंड कॉफीसुद्धा. कॉफी म्हटल्यावर आमच्या जावयांनी मान वर केली. पोरं रानात गेल्याचं कळताच बापाची नशा उतरते. त्या रानात चेटकीण राहते आणि ती फिरते केरसुणीवर बसून.

इथे मी दचकले. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लागतं, चुकून पाय लागला तर नमस्कार करतात. आणि ही बया तिच्यावर टांग टाकून घराभोवती घिरट्या घालते! बाप जी वस्तू विकून पोरांचं पोट भरतो, तिच्यावरच पोरं खाणारी स्वार. वेटेने हे मुद्दाम जुळवलं की आपसूक जुळलं, कोण जाणे. मला तर तिच्या पोरं भाजायच्या भट्टीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

नातीला चेटकिणीचं काहीच वाटलं नाही. रान म्हटलं की तिला बन्नेरघट्ट्याचे हत्ती आठवतात, नाचणीच्या शेतात रात्री उतरणारे. हत्ती का नाही आले, एवढीच तिची शंका.

चेटकीण भट्टीत गेली, भट्टी फुटली, तिने केक करून टाकलेली मुलं पुन्हा माणसं झाली. आईबाप शोधत आले, सगळे नाचले.

“आजी, पण उद्या काय खाणार ते?” नातीने विचारलं.

“चेटकिणीचं घर आहे की,” लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, “वर्षभर पुरेल.”