भिंत झाली, घर एकच राहिले

मुलगी दहावीत गेली आणि मुलाने दहावे वर्ष ओलांडले, तेव्हा आमच्या घरात भिंतीचा विषय निघाला. घर म्हणजे वीस बाय दहाची एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. त्याच खोलीत सासूबाईंची खाट, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची ऊठबस आणि रात्रीची अंथरुणे. दहा वर्षांच्या मुलांची अंथरुणे वेगळी करावीत, ही हदीसची शिकवण आपण सगळेच ऐकून आहोत. प्रश्न असतो तो जागेचा.

सासूबाईंचा मात्र विरोध होता. "भिंत घातली की घर फुटतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी दोन भावांनी वाटणीनंतर अंगणात भिंत घातली आणि त्यानंतर ईदच्या शीरखुर्म्याची वाटीसुद्धा पलीकडे गेली नाही. ही भीती पाहिलेल्या दुःखातून आलेली होती. म्हणून आम्ही आग्रह धरला नाही.

एका जुम्म्याला मुलगी दादीला सूरह नूरचा मराठी तरजुमा वाचून दाखवत होती. घरातल्या लहान मुलांनीही तीन वेळी इजाजत घेऊनच आत यावे, असे त्यात सांगितले आहे: फजरच्या नमाजआधी, दुपारी कपडे उतरवून विसावा घेताना आणि इशानंतर. मुलीने सहज विचारले, "दादी, आपल्या खोलीला दारच नाही. मग इजाजत मागायची कुठे उभं राहून?" सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. रात्री त्यांनी माझ्या मिस्टरांना बोलावून सांगितले, "भिंत घाला. पण दार माझ्या खाटेसमोर ठेवा. पोरं दिसली पाहिजेत."

मग प्रश्न आला, भिंत कशाची? सुताराने प्लायवूड सुचवले, कोणी जिप्सम बोर्ड. दोन दिवसांत काम, पसारा कमी. पण कोल्हापूरकरांना २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरता येत नाहीत. पंचगंगेचे पाणी घरात आले की प्लायवूड फुगते आणि साधा जिप्सम बोर्ड मऊ पडतो. आमचे घर तळमजल्यावर, म्हणून साडेचार इंची विटेची भिंत ठरली. वरच्या मजल्यावर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय अशी भिंत घालू नये. दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंत गिलाव्यासह दोन टनांच्या वर भरते.

गवंडी जुना, जाणता होता. त्याने विटा आधी भिजवल्या, म्हणजे त्या सिमेंटमधले पाणी शोषून घेत नाहीत. जुन्या भिंतीत खाचा पाडून नव्या विटा त्यात गुंतवल्या. ठरावीक उंचीवर सळई घालून काँक्रीटची पट्टी ओतली. ओळंबा लावून पाहिल्याशिवाय तो पुढचा थर लावत नसे. एका दिवसात पाच फुटांच्या वर त्याने भिंत चढवली नाही. खालचा भाग घट्ट झाल्याशिवाय वर भार द्यायचा नाही, हे त्याचे म्हणणे मला शाळेतल्या मुलांसाठीही पटले. त्यानंतर आठवडाभर सासूबाईंनी स्वतः भिंतीवर पाणी मारले. जिला विरोध होता, तीच भिंत त्यांनी पोसली.

आता मुलगी आणि दादी आतल्या खोलीत झोपतात, मुलगा आमच्याकडे बाहेर. खाट आत गेली, तरी दारातून दोन्हीकडचे दिसते. मुलगा बहिणीच्या खोलीत शिरण्याआधी सलाम करतो. तीनदा विचारून उत्तर आले नाही तर परत फिरावे, हेही तो शिकला आहे. जेवणाचा दस्तरखान मात्र एकच. सासूबाईंची ती अटच आहे.

भगिनींनो, भिंतीने घर तुटते ते बोलणे थांबल्यावर. ज्या भिंतीला दार आहे आणि त्या दाराशी सलाम आहे, ती घरातल्या प्रत्येकाची हया जपते. म्हणून भिंत घालण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची भीती जरूर विचारा. आणि दार झाल्यावर ते केवळ मुलांनीच वाजवायचे असे नाही. मुलगी अभ्यासाला बसली असली की आता मीही दार वाजवते.