तराजू वाचण्याची विद्या

श्रीखंडावर पेरलेली चारोळी कोणाच्या हातून आली, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. मध्य प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी घरांनी तरी ती करावयास हवी, कारण सातपुड्याची जंगले आपल्याला काही परकी नाहीत. शासकीय सेवेच्या निमित्ताने छिंदवाडा जिल्ह्यातील पाताळकोटात उतरण्याचे योग आम्हांस आले. दुर्गम वस्तीतील लोकांस व्यवसायाचे शिक्षण द्यावयाचे म्हणजे नेमके काय द्यावयाचे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून आहे.

तामियाजवळचे पाताळकोट म्हणजे कड्यांनी वेढलेली, सुमारे १२०० ते १५०० फूट खोल दरी. तळाशी दूधी नदी वाहते. बारा गावे आणि वस्ती मुख्यतः भारिया व गोंड यांची. बैगा, सहरिया आणि भारिया हे मध्य प्रदेशातील तीन समाज आदिवासींतही विशेष दुर्बल मानले गेले आहेत. आता काही गावांपर्यंत रस्ता उतरला आहे. एके काळी मात्र मीठ आणावयाचे तरी कडा चढून जावे लागे.

ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगारासाठी तयार करणारी ‘ट्रायसेम’ योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झाली. गरीब कुटुंबांतील १८ ते ३५ वर्षांच्या तरुणांना प्रशिक्षण, विद्यावेतन आणि अवजारे, अशी तिची रचना होती. १९९९ साली ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. हेतू निर्मळ होता; परंतु व्यवसायांच्या याद्या बहुधा वरून येत. डोंगरातील एका वस्तीत आम्ही शिवणयंत्रे पाहिली. शिकणाऱ्या मुलींचा हात चांगला बसला होता. पण सुई मोडली की तालुक्याला जावे लागे, आणि शिवून घेणारे गिऱ्हाईक वर्षातून एक-दोन सणांनाच फिरके. यंत्रांवर धूळ साचली, त्यात मुलींचा दोष नव्हता.

याउलट, जे शिकावयाचे ते दरीतच होते. चारोळीचे फळ उन्हाळ्यात पिकते. ते भिजवून साल चोळून काढावयाची, बी वाळवावयाचे, जात्यावर हलक्या हाताने भरडून गर वेगळा करावयाचा. जाते जड फिरले की गर तुटतो आणि भाव पडतो. ही कला भारिया बाईला कोणी शिकवावयास नको. तिच्यापाशी नव्हती ती तराजूची आणि बाजारभावाची विद्या. मध्य भारतातील अनेक जंगलांत चारोळीच्या बदल्यात मीठ दिले जाई, ही गोष्ट फार जुनी नाही. शिवाय दुसरा कोणी आधी तोडील या धास्तीने कच्चे फळ उतरविले जाते, फांद्याही छाटल्या जातात. मग पुढल्या वर्षी झाडच रुसते. वाट पाहण्याचा करार साऱ्या गावाने मिळून करणे, हेही एक कौशल्यच आहे.

एका वृद्ध भारियाने आम्हांस विचारले होते की, हे शिकून मुलगा येथे राहील की जाईल. प्रश्न साधा नव्हता. मुलाने वीजजोडणी शिकून पिपरियाला किंवा नागपूरला जावे, हा त्याचा हक्कच आहे. दरी ही काही त्याची कोठडी नव्हे. मात्र दरीत राहणे म्हणजे अडाणीपणा, असे शिक्षणानेच त्याच्या मनावर ठसविले, तर कोणती वनस्पती कशावर चालते हे जाणणारी माणसे एका पिढीत सरतील.

२००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावरील त्यांची मालकी मान्य केली. २०१८ पासून वनधन केंद्रे आली. २०२३ साली दुर्बल जनजातींसाठी पंतप्रधान जनमन अभियान सुरू झाले. कायदा आहे, पैसाही आहे. आपल्या घरांतील किती तरी मुले-मुली आज बँकांत, शासनात, संस्थांत अधिकारपदांवर आहेत. प्रमाणपत्रे किती वाटली, हा आकडा त्यांच्यापुढे येईलच. तो बाजूस ठेवून त्यांनी एकदा आठवडी बाजारात जावे आणि काट्यावरील आकडा विकणारी बाई स्वतः वाचते की व्यापारी तिला वाचून दाखवितो, एवढे पाहून यावे.