बीप वाजली, तरी दिवा लागला

लेकीची पहिली जिल्हा स्पर्धा होती. तलवारबाजीतला फॉइल प्रकार. ती पिस्तवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर आली, बॉडी कॉर्डची, म्हणजे जॅकेटच्या आतून जाणाऱ्या वायरीची पिन गुण नोंदवणाऱ्या मशीनच्या रीलला जोडली, आणि लढत सुरू व्हायच्या आतच तिच्या बाजूचा पांढरा दिवा लागला. हात हलला की दिवा पेटे, हात स्थिर ठेवला की विझे. साहित्य बिघडलेलं म्हणून पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. तिनं बॅगेतली दुसरी कॉर्ड लावली. तिचंही तेच. आता लाल कार्ड, म्हणजे एकही वार न होता समोरच्या मुलीला एक गुण. क्लबमधल्या मैत्रिणीची कॉर्ड मागून आणली, लढत झाली, आणि माझी लेक 5-4 अशी हरली.

त्या दोन्ही कॉर्ड आदल्या रात्री मी स्वतः तपासल्या होत्या, मल्टिमीटरनं. प्रत्येक वायरीला बीप वाजली होती. घरी येताना गाडीत लेक एवढंच म्हणाली, "आई, तू तर म्हणाली होतीस सगळं चांगलंय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीप वाजत होती, मग दिवा का लागला?

मी वाणिज्य शाखेची. विजेचा आणि माझा संबंध फ्यूज गेला की सासऱ्यांना हाक मारण्यापुरता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भवानीदेवी खेळली तेव्हा लेकीनं तलवारबाजीचा हट्ट धरला, आणि वर्षभरात आमच्या घरात बॉडी कॉर्ड, मास्क कॉर्ड, लामे जॅकेट असे शब्द भाजीपाल्यासारखे रुळले. क्लबमधले सर म्हणाले होते, "एक छोटं मल्टिमीटर घेऊन ठेवा, रोज लागेल." मी ऑनलाइन सगळ्यांत लहान दिसलं ते मागवलं. पाकिटाएवढं, मिटलं की वहीसारखं बंद होणारं, वायरी आतच घट्ट बसवलेल्या. बॅगेच्या छोट्या कप्प्यात मावतं यावर मी खूश होते.

सासरे, आमचे अप्पा, वीज मंडळात वायरमन होते. त्यांच्या कपाटात नाशिकच्या मोटवानेचं काट्याचं जुनं मल्टिमीटर अजून आहे. रविवारी सकाळी त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि लेकीला म्हणाले, "आधी मला सांग, हा दिवा लागतो कशानं?"

तिनं सांगितलं ते मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. फॉइलच्या टोकाला बारीक बटण असतं. ते दाबलेलं नसताना वायरींमधून प्रवाह चालूच असतो, टोक दाबलं की तुटतो. तुटल्या क्षणी टोक समोरच्याच्या लामेला, म्हणजे धातूच्या जॅकेटला टेकलेलं असेल तर रंगीत दिवा, नसेल तर पांढरा. एपे या दुसऱ्या प्रकारात उलटं, तिथं टोक दाबलं की जोडणी होते. म्हणजे फॉइलमध्ये वायर कुठेही सुटली तरी मशीनला वाटतं टोक दाबलं गेलं, आणि पांढरा दिवा लागतो.

"मग तुझ्या आईच्या मीटरला ते का नाही वाटलं?" अप्पांनी विचारलं. त्यांनी माझ्या मीटरचं माहितीपत्रक उलगडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 50 ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्स असला की आवाज येईल, असं तिथं लिहिलं होतं. तलवारबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयईच्या नियमात बॉडी कॉर्डच्या एकेका वायरीला 1 ओहमची मर्यादा आहे, फॉइलला 2 ओहमची. माझं मीटर 1 ओहमलाही तसंच वाजत होतं आणि 40 ओहमलाही तसंच. बीप फक्त वाट आहे एवढं सांगते, वाट कशी आहे ते नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या सकाळचं लाल कार्ड टळलं असतं.

मग आम्ही आवाज सोडून आकडा बघायला लागलो. मीटर 200 ओहमवर ठेवून अप्पांनी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवल्या. पडद्यावर 0.4. "हा तुझ्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स. प्रत्येक मापातून वजा करायचा." पहिल्या कॉर्डमध्ये लामेच्या क्लिपची वायर 0.9, म्हणजे खरी 0.5. छान. फॉइलच्या टोकाकडे जाणारी वायर 7.8. अप्पांनी प्लगचे स्क्रू काढले. आत, जिथं वायर रोज वाकते तिथं, तांब्याच्या बारीक तारांचा गुच्छ घामानं हिरवट पडला होता आणि त्यातल्या चार-पाच तारा तेवढ्या जिवंत होत्या. नुसत्या एवढ्या रेझिस्टन्सनं दिवा लागला नव्हता. हात झटकला की उरलेल्या ताराही क्षणभर सुटत, म्हणून तो लागे. पण वायर मरायला टेकली आहे हे तो आकडा आदल्या रात्रीच सांगत होता, मी फक्त कान देऊन बसले होते.

दुसऱ्या कॉर्डनं मला जास्त गोंधळात टाकलं. तिच्या तिन्ही वायरी 1 ओहमच्या आत. हलवून पाहिली, पडद्यावरचा आकडा जरासा थरथरला, पुन्हा 0.9. मी म्हटलं ही तर चांगली आहे. अप्पांनी काहीच न बोलता आपलं काट्याचं मीटर पुढं ओढलं, प्रोब जुळवून काटा उजव्या टोकाला शून्यावर आणला, क्लिपा लावल्या आणि लेकीला प्लगजवळ वायर हलवायला सांगितली. काटा शून्याजवळून दचकून डावीकडे गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. पिनेचा स्क्रू अर्धा आटा ढिला होता, बस.

फॉइलचं मशीन सुमारे 14 मिलिसेकंदांत नोंद घेतं. साध्या डिजिटल मीटरचा पडदा सेकंदाला दोन-तीन वेळा बदलतो. मशीनला दिसलेली तूट पडद्याला दिसायला वेळच नसतो. काटा निदान हलतो तरी. पण ते जुनं मीटर जड, पडलं तर संपलं, आणि 1 ओहम आहे की 2 हे त्यावर वाचणं माझ्या डोळ्यांना जमत नाही. स्पर्धेला न्यायला लहानच हवं होतं, पण आकडा खरा दाखवणारं आणि आवाज झटकन देणारं.

म्हणून आम्ही तिघं पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं चार मीटर काढून ठेवली. "ताई, मोजायचंय काय तुम्हाला?" लेकीनं पिशवीतून कॉर्ड काढून काउंटरवर ठेवली. त्यानं असली वस्तू कधी पाहिली नव्हती, पण मग त्यालाच उत्सुकता लागली, आणि पुढचा अर्धा तास तो आमच्याबरोबर मोजत बसला.

पहिलं मीटर प्रोब जुळवल्यावर 0.8 दाखवी, मग 1.4, मग 1.1. ज्याला स्वतःच्या वायरींचा आकडा धड सांगता येत नाही, ते 1 ओहमची कॉर्ड काय तपासणार! दुसरं आपोआप रेंज बदलणारं, देखणं, महाग. पण वायर लावली की एक-दीड सेकंद चाचपडे आणि मग आकडा देई. घरात बसून मोजायला ठीक, वायर हलवून बिघाड शोधायला नाही. तिसरं हुबेहूब माझ्याच मीटरसारखं, वहीसारखं मिटणारं. चौथं तळहाताएवढं, जाडसर, रेंज हातानं फिरवायची, सुट्या वायरी. प्रोब जुळवल्या, 0.3, आणि तिथंच थांबलं. अप्पांनी प्रोब भराभर टकटक केल्या, प्रत्येक टकटकीला वेगळी बीप आली. तिसऱ्याला तेच केलं तर आवाज मागे राहून ओढल्यासारखा येत होता.

सुट्या वायरींचं महत्त्व मला तिथं उभं राहून कळलं. कॉर्ड तपासताना एक हात प्लग धरतो, दुसरा वायर हलवतो. प्रोब धरायला तिसरा हात कुठून आणणार? टोकाला क्लिप असलेल्या वायरी लावता आल्या पाहिजेत. चौथं मीटर आणि क्लिपांच्या वायरींची जोडी, मिळून 700 रुपये झाले.

लामे तपासायचं लेकीनं स्वतःच काढलं. ते जॅकेट धातूच्या धाग्यानं विणलेलं असतं, जरीच्या पोतासारखं. त्यावर कुठल्याही दोन जागांमध्ये 5 ओहमच्या आत रेझिस्टन्स हवा. प्रोबची टोकं कापडात घुसून धागे तुटू नयेत म्हणून अप्पांनी दोन क्लिपांमध्ये एकेक रुपयाचं नाणं पकडून दिलं. छातीवर सगळीकडे 1 ते 2. उजव्या काखेखाली, जिथं घामानं कापड करडं पडलं होतं, तिथं 18, आणि एका जागी आकडाच नाही. तिथं वार बसला तर रंगीत दिव्याऐवजी पांढरा लागणार, म्हणजे नुकसान समोरच्या मुलीचं. माझ्या लेकीच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. पण ती म्हणाली, "आई, हे घालून मी खेळणार नाही." थंड पाण्यात सौम्य साबणानं हलक्या हातानं धुतलं, न पिळता वाळवलं. 18 चे 4 झाले. आकडाच न दाखवणारी जागा तशीच राहिली, म्हणून ते जॅकेट आता फक्त घरच्या सरावाला. नवीन घ्यावं लागलं.

तिच्या प्रत्येक कॉर्डवर आता पांढरी चिकटपट्टी आहे आणि त्यावर तिच्या अक्षरात तारीख आणि तीन आकडे. आकडा मागच्यापेक्षा वाढलेला दिसला की प्लग उघडायचा.

तलवारबाजी शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांना एक कळकळीची विनंती. मीटर घ्यायला जाताना एक चांगली कॉर्ड बरोबर न्या आणि एक बिघडलेली. बिघडलेली दुरुस्त करून घ्यायच्या आधी न्या, आणि जे मीटर त्या दोघींमधला फरक तुमच्या डोळ्यांदेखत दाखवेल तेच घ्या.