जोकर लॅप कोणाचा?

फॉर्म्युला वनची रेस बघायला रविवारची अख्खी दुपार द्यावी लागते. रॅलीक्रॉसची एक रेस मात्र मॅगी शिजेस्तोवर संपते! एका वेळी चार-पाच गाड्या, चार-पाच लॅप्स, थोडा ट्रॅक डांबरी आणि थोडा खडी-मातीचा. बस्स.

हा खेळ जन्मालाच आला टीव्हीसाठी. खरी रॅली जंगलातून, डोंगरातून धावते. तिच्या मागे कॅमेरा नेणार तरी कुठे कुठे? म्हणून ४ फेब्रुवारी १९६७ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात, लिडन हिलच्या छोट्याशा सर्किटवर रॅलीच्या गाड्या आणून पळवल्या गेल्या. व्हिक एल्फर्डने पोर्शे ९११ मधून ती पहिली स्पर्धा जिंकली आणि एक नवा खेळ सुरू झाला.

आता तुम्ही म्हणाल, सदाशिव पेठेतल्या मुलीचा याच्याशी काय संबंध? तर २०१६ मध्ये नवरोबाला ऑनसाइट मिळालं आणि आम्ही कँटरबरीला मुक्काम हलवला. लिडन हिल तिथून डोव्हरच्या वाटेवर, अगदी हाकेच्या अंतरावर. पुण्यातल्या सहा वर्षांच्या नोकरीचा राजीनामा देऊन मी गेले होते. रिझ्युमे पाठवायचे, पोळ्या लाटायच्या आणि खिडकीतून पाऊस बघायचा, असा एकूण दिनक्रम. एका सुट्टीच्या दिवशी नवरोबा म्हणाला, "चल, जवळच रेस आहे." गेलो. आणि बॉस, मी फिदाच झाले!

सुपरकार नावाची ती चीज साधारण सहाशे हॉर्सपॉवरची. शून्यापासून शंभरचा वेग दोनेक सेकंदांत. दिसायला मात्र आपल्या पार्किंगमधल्या हॅचबॅकची चुलतबहीण! ज्युनियर गटात तर चौदा-पंधरा वर्षांची पोरं चक्क सुझुकी स्विफ्ट पळवतात. आपल्याकडे त्या वयात आई स्कूटीची किल्लीसुद्धा देत नाही.

मग मी ब्रिटिश चॅम्पियनशिपचा अख्खा सीझन फॉलो केला. प्रत्येक राउंडचे पॉइंट्स वहीत लिहून ठेवायचे. त्या वर्षी डॅन रूक चॅम्पियन झाला. पण मला खरं पकडलं ते एका नियमाने. जोकर लॅप.

फंडा सोपा आहे. ट्रॅकला एक जास्तीची वाट जोडलेली असते, थोडी लांबची. तिच्यावरून गेलं की दोन-तीन सेकंद हमखास वाया. पण प्रत्येक ड्रायव्हरने प्रत्येक रेसमध्ये एकदा त्या वाटेने जायचंच. कधी जायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी पहिल्याच लॅपला गर्दीतून सटकून घेतो, कोणी शेवटपर्यंत राखून ठेवतो. उंचावर उभा असलेला स्पॉटर रेडिओवरून सांगतो, "आता घे!" न घेतला तर पेनल्टी. दोनदा घेतला तरी पेनल्टी. नियम सगळ्यांना सारखा, मग तुम्ही चॅम्पियन असा नाहीतर नवखे.

मजा म्हणजे जोकरमधून बाहेर येणारी गाडी मागे पडल्यासारखी दिसते. नवखा प्रेक्षक हळहळतो. जाणकार शांत असतो. त्याला माहीत असतं की पुढच्याचा जोकर अजून बाकी आहे.

२०१८ मध्ये आम्ही परत आलो. मला नोकरी मिळाली, पण दोन पायऱ्या खाली. माझ्या बॅचच्या मुली मॅनेजर झालेल्या आणि मी त्यांच्याच वयाच्या बॉसकडे सुट्टीचा अर्ज करतेय! "गॅप का पडली?" हा प्रश्न इंटरव्ह्यूत मला तीनदा विचारला गेला. नवरोबाला "तुझी गॅप का नाही पडली?" असं कोणी विचारलं असेल? शक्यच नाही. मी तेव्हा मनाशी म्हणायचे, असू दे, माझा जोकर घेऊन झालाय.

आणि गेल्या महिन्यात मला बंगळुरूची ऑफर आली. टीम माझी, प्रॉडक्ट माझं. लेक दुसरीत आहे. सासूबाई म्हणाल्या, "एवढं आहे काय तिथे? इथलं बरंय की." आईनेही फोनवर तोच सूर लावला. नवरोबा गप्प. तो वाईट माणूस नाही हो. त्याच्या टीममध्ये त्याचं प्रमोशन तोंडावर आलंय, एवढंच.

रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, "लिडनचा नियम आठवतो?"

"कुठला?"

"दोनदा घेतला तर पेनल्टी."

तो बराच वेळ ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "माझा बाकी आहे, नाही का?"

सोमवारी त्याने ऑफिसमध्ये बदलीचं विचारलंय. मिळाली तर पद एक पायरी खाली येईल, प्रमोशन लांबेल. अजून उत्तर नाही. कदाचित नकार येईल आणि मग आम्हाला पुन्हा बसून बोलावं लागेल. पण विचारलं त्याने, पहिल्यांदाच, आणि मी न सांगता.

संसारात स्पॉटर नसतो, पेनल्टी लावणारे पंचही नसतात. त्यामुळे एकच माणूस लॅपमागून लॅप लांबच्या वाटेने जात राहतो आणि दुसऱ्याला वाटतं, आपण जात्याच फास्ट आहोत! तेव्हा या वीकेंडला कॉफी पिता पिता जोडीदाराला एवढंच विचारा: आपल्या घरात जोकर कोणाचा बाकी आहे?