परत जाण्याचा विचार

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. गेल्या हिवाळ्यात आईने ती माझ्यासमोर उघडली. वर जुनी लुगडी, मधे डांबराच्या गोळ्या आणि तळाशी, कापडात गुंडाळलेला आजोबांचा एक कागद. मजकूर उर्दूत, लेखनिकाच्या वळणदार हातचा. खाली सही मात्र मोडीत.

आजोबा सोलापूरचे, म्हणजे इंग्रजी अंमलातले. 1920 च्या सुमारास ते निजामाच्या हैदराबादेत आले आणि शिकवण्या करून राहिले. सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ असावं लागे. 1919 च्या फर्मानाने त्याचे नियम ठरले होते. जन्माने मुलकी नसलेल्याने संस्थानात किमान पंधरा वर्षं राहिलेलं असावं, आणि पूर्वीच्या गावी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून द्यावं. आजोबांनी तेच लिहून दिलं होतं. आईला उर्दू वाचता येतं. तिने ते वाक्य बोट ठेवून वाचलं, आणि मी तिच्या बोटाकडे बघत राहिले.

2009 साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना न्यू जर्सीतल्या एका सभागृहात उजवा हात वर करून मीही असंच काहीसं म्हटलं होतं. दुसऱ्या कुठल्याही राष्ट्रावरची निष्ठा मी सोडते आहे, असं. हात खाली आला तेव्हा तळवा घामाने ओला होता. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्या दुपारी मी भारताची उरले नाही. त्यानंतर माझ्याकडे ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड आलं. 2006 च्या जानेवारीत प्रवासी भारतीय दिवस हैदराबादेतच भरला होता, आणि पंतप्रधान मनमोहन सिंगांनी त्या योजनेची पहिली कार्डं दिली ती तिथेच. माझ्याच गावाने परदेशी झालेल्यांसाठी हे दार किलकिलं ठेवलं, याचं मला अजून भरून येतं.

त्याच कार्डावर मी यंदा हैदराबादेत फ्लॅट घेतला. काचीगुड्याचं घर भावंडांच्या वाटण्यांत विकायला निघालं होतं, आणि आईला आता जिना चढवत नव्हता. कायदा सरळ आहे. ओसीआयवाल्याला राहतं घर घेता येतं, दुकान-ऑफिस घेता येतं. शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. शेत वारशाने आलं तर मात्र ठेवता येतं. हे वाचून मी थांबले. पैशाने जमीन घेणं वेगळं आणि रक्ताने मिळणं वेगळं, एवढं त्या रुक्ष नियमालाही कळतं. रक्कम बँकेमार्फतच यायला हवी, डॉलरच्या नोटा चालत नाहीत. उद्या घर विकलं तर पैसे बाहेर नेण्याचेही नियम आहेत. बँकेतला मुलगा त्याला ‘रिपॅट्रिएशन’ म्हणत होता, म्हणजे स्वदेशी परत नेणं. माझे पैसे स्वदेशी म्हणजे नेमके कुठे जाणार, हे मला त्याला विचारावंसं वाटलं. तो नम्रपणे पुढचा फॉर्म सरकवत होता.

आजोबांनाही हा हिशेब चुकला नव्हता. काचीगुड्याचं घर घ्यायला त्यांनी सोलापूरकडचं शेत विकलं. ते पैसे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, आणि इथे चालायचा निजामाचा हाली सिक्का. सहा कलदारांचे सात हाली. मी डॉलरचा भाव बघत होते तेव्हा मला दिसत होते ते पडवीत बसून शंभर कलदारांचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै मोजणारे आजोबा. आणि सरहद्द तरी किती जवळ! आजचा सुलतान बाजार तेव्हा रेसिडेन्सी बाजार होता, 1933 पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात. मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक बदलून येता येता आजोबा भाजी घेत आणि पिशवी हलवत मुलूख बदलून घरी येत.

नव्या फ्लॅटसाठी मी ईसी म्हणजे बोज्याचा दाखला काढला, आधीच्या मालकीची लिंक डॉक्युमेंटं वकिलाला दाखवली, वाट्याची जमीन किती ते विचारलं. सगळे ‘ईस्ट फेसिंग आहे ना?’ एवढंच विचारत होते. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी कारकुनाची पेन्सिल थबकली. मी त्याच्याशी दख्खनीतच बोलत होते. त्याने मान वर केली. “अम्मा, बाताँ तो यहीं के हैं, पन कागद बाहर के हैं.” त्याच्या आवाजात कुतूहल होतं, थोडी मायाही. मला उत्तर सुचलं नाही. शेजारी आई बसली होती. ती म्हणाली, “हौ बाबा, कागद बाहर के हैं. बच्ची यहीं की है.” पन्नाशीच्या बच्चीचे डोळे भरून आले.

फ्लॅट नल्लगंडल्याला, नवव्या मजल्यावर. बाल्कनीतून ग्रॅनाइटच्या शिळांचा एक ढीग दिसतो. एकावर एक तोललेल्या, जणू कोणी आत्ताच हात काढून घेतला आहे. अडीच अब्ज वर्षांचा हा दगड. भोवतालचे बहुतेक ढीग टॉवरांसाठी सुरुंगाने गेले. हा तेवढा उरला आहे. संध्याकाळी तो तांबूस होतो आणि आई चहाचा कप हातात तसाच धरून बघत बसते.

सामान आलं त्या दिवशी सगळ्यात शेवटी टेम्पोतून एक शहाबादी फरशी उतरली. काचीगुड्याच्या तुळशीपुढची. वर्षानुवर्षं पाणी पडून तिच्या मधोमध तळव्याएवढा खोलगट झिजलेला भाग. आजी तिथे पाणी घालायची, मग आई, सुट्टीत मी. 1956 साली हैदराबाद संस्थान तीन राज्यांत वाटलं गेलं. औरंगाबाद मुंबई राज्यात गेलं, शहाबाद म्हैसूरकडे, आणि हैदराबाद आंध्रात. माणसांना कुठल्या तरी एका बाजूला जावं लागलं. फरशी मात्र तिन्हीकडच्या घरांत तशीच पसरून राहिली, निळसर, उन्हाळ्यात पायाला गार.

गवंडी म्हणाला, “अम्मा, ये पुराना पत्थर टाइल से मॅच नहीं होता.”

“नक्को होने दे,” आई म्हणाली. नक्को हा शब्द आपल्याच ‘नको’पासून या शहराने उचललेला. त्याने बाल्कनीतल्या चार चकचकीत टाइल्स काढल्या आणि फरशी बसवली.

निघायच्या आदल्या रात्री आईने विचारलं, “तू कधी कायमची येशील?” मी बोलले नाही. मला पेटीतला कागद आठवत होता. आजोबांनी शपथेवर लिहून दिलं होतं, आणि तरी आषाढीच्या आधी त्यांचं सोलापूरला जाणं कधी चुकलं नाही. मीही हात वर करून बोलले होते, आणि आता नवव्या मजल्यावर घर घेऊन बसले होते. खोटं आम्ही दोघंही बोललो नव्हतो. जिथे पोट भरतं, मुलं वाढतात, त्या मुलखाला आपण मनापासून शब्द देतो. परत जाण्याचा विचार मात्र आपल्या हातात नसतोच. तो कागदाखाली, पेटीच्या तळाशी राहतो, आणि एक दिवस कोणीतरी पेटी उघडतं.

सकाळी टॅक्सी यायच्या आधी मी बाल्कनीत गेले. तुळशीला पाणी घातलं. ते खोलगट भागात साचलं, क्षणभर थांबलं, आणि आजीच्या वेळी वाहायचं त्याच बाजूने निघून गेलं.