सांबर शोधायचं की मोजायचं: अण्णांना पत्रं

मोहर्ली, रात्री

ती. अण्णांस शि. सा. न.

सुखरूप पोचले. चंद्रपूर स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी एक प्लेट घेतली. आईला यातलं काही सांगू नका, तिनं दिलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या निम्म्या संपल्यात. खोलीला पत्रा आहे, ब्लँकेट एकच आहे आणि थंडी जमिनीतून वर येते. तुमचा जुना मफलर आणला हे बरं झालं. ताडोबा तलाव पाहिला, मगर पाहिली, वाघही दिसला. ते सगळं फोटोत बघा.

तुम्ही फोनवर चिडवलंत की आबाकाका संध्याकाळपर्यंत सांबर शोधून काढायचे आणि तुम्हाला त्यासाठी यंत्रं लागतात. त्याचं उत्तर सवडीनं देते. आबाकाकांची रीत तुम्हीच सांगितलेली: शूटिंग ब्लॉकचा परवाना काढायचा, गावातून हाकेवाले जमवायचे, डबे-ढोल बडवत रान उठवायचं आणि जनावर मचाणापुढं आणायचं. तेही ताडोब्याबाहेर, कारण इथली शिकार 1935 सालीच बंद झाली होती. बाकी ठिकाणची पुढं कायद्यानं संपली. पण अण्णा, त्यांना एक सांबर हवं होतं. आम्हाला न दिसलेली सांबरंही मोजायची आहेत. वाघाला खायला रानात एकूण किती आहे, हा प्रश्न आहे. हाक्यात जे पुढं आलं ते कळतं. बाजूनं निसटलेलं आणि बांबूत दबून बसलेलं कोण मोजणार?

झोप आली. दिव्याभोवती किडे फार आहेत.

कोळसा, दुपारी

ती. अण्णा,

रोज अंधारात उठायचं, काळा चहा प्यायचा आणि उजाडता उजाडता रेषेवर उभं राहायचं. रेषा म्हणजे रानातून आखलेली साधारण 2 किलोमीटरची सरळ वाट. पुढं वनरक्षक, मागं मी, शेवटी वनमजूर. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. (मफलर तोंडात कोंबून खोकते.) चितळांचा कळप दिसला की थांबायचं, किती आहेत ते मोजायचं, होकायंत्रानं दिशा आणि रेंजफाइंडरनं अंतर घ्यायचं. तीच रेषा वेगवेगळ्या सकाळी पुन्हा चालायची.

अंतर कशाला, असं विचाराल. रेषेवरचं जनावर चुकत नाही असं धरतात. जसजसं लांब जावं तसतशी नजर कमी पडते. दिसलेल्यांची संख्या अंतरानुसार कशी उतरत जाते त्यावरून न दिसलेली किती असावीत याचा हिशेब मांडता येतो. मला ही युक्ती फार आवडली. आपल्या नजरेला मर्यादा आहे हे आधीच धरून हिशेब करणारी पद्धत सरकारी कागदावर क्वचितच भेटते.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून होणाऱ्या मोजणीचं तुम्ही मागं विचारलं होतं. ते मे महिन्यात ठीक. रान कोरडं पडलेलं असतं, सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात, चांदण्यात दिसतात. पण तेच चितळ दोनदा आलं तर दोनदा लिहिलं जातं आणि दुसऱ्या पाणवठ्यावर गेलं तर तिथंही. आता वनखातंही त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतं, आणि अनुभव म्हणून तो छानच आहे. जानेवारीत मात्र ओढ्याओढ्याला पाणी आहे. मचाणावर नुसती थंडी खात बसावं लागेल.

कॅमेरे झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर समोरासमोर बांधलेत. ते वाघासाठी, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. 2006च्या गणनेपासून पावलांचे ठसे काचेवर उतरवायचं थांबलं आणि हे आलं. चितळांचा मात्र अख्खा कळप पुढून जातो आणि त्यातली कालची कोण, आजची कोण, हे फोटोवरून सांगणं जवळपास अशक्य. शिवाय माकडं कॅमेऱ्यात वाकून बघतात. त्यांचे शेकडो फोटो चाळणं हे माझ्याकडं आलंय.

जेवायला भात, वरण आणि वांग्यात घातलेले सुके झिंगे. वास तुम्हाला सहन होणार नाही. मी दोनदा वाढून घेतलं.

वडसा, रात्री

ती. अण्णा,

आज माझं डोकं ठिकाणावर नाही. पुढच्या मुक्कामाचं आरक्षण एका विश्रामगृहात होतं (गावाचं नाव लिहीत नाही). तिथल्या कारकुनानं माझं पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “यावर गोल शिक्का नाही, चौकोनी आहे.” साहेबांना फोन लावा म्हटलं, तर साहेब जेवतायत. अडीच तास! मी व्हरांड्यात बॅगेवर बसून होते आणि तो आत टीव्ही बघत शेंगा खात होता. शेवटी खोली दिली ती बिनपाण्याची. मी निघून वडशाला आले.

इथंही झोप नाहीच. शेजारच्या मैदानात झाडीपट्टीचं नाटक उभं राहिलंय. हंगाम आहे, उजाडेपर्यंत चालेल. नायिका रडतेय आणि भोंगा थेट माझ्या खिडकीकडं.

छोटीची चाचणी कशी गेली? तिला म्हणावं, भूमितीत कोन मोजायला शीक, आत्याला रोज लागतोय. डॉक्टरांनी आईच्या गुडघ्याबद्दल काय सांगितलं ते सविस्तर लिहा. फोनवर ती “बरंय” म्हणते, त्यावर माझा विश्वास नाही.

भामरागड

ती. अण्णा,

आबाकाका आलापल्लीच्या ज्या रस्त्यांच्या कामावर होते तिथून आले. सागवान अजून तसंच उंच आहे. त्यांच्या वेळी हे सगळं चांदाच होतं, गडचिरोली जिल्हा 1982 सालचा. हेमलकशाला आमट्यांचा प्रकल्प पाहिला. त्याबद्दल तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलंय.

रान ताडोब्यापेक्षा दाट आणि जनावर कुठंच नाही. रेषेवर चाललो, कागद कोरा. परत चाललो, परत कोरा. एकही कळप दिसला नाही तर उताराचा हिशेब मांडायचा कशावर? मग खुणांवर यावं लागतं. रेषेलगत ठरावीक पट्ट्यात वाकून लेंड्या मोजायच्या. त्यातही फसगत आहे. चौशिंगा आणि नीलगाय पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात, म्हणून मोठा ढीग म्हणजे पुष्कळ जनावरं असं नाही. गावाजवळ शेळ्यांच्या लेंड्या मिसळतात. त्या ओळखताना आमच्या तरुण मुलांत रोज भांडणं.

बरोबर एक म्हातारे माडिया गृहस्थ होते. मराठी थोडकं. तरुणपणी शिकार केली का म्हणून एका मुलानं विचारलं, तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. मला ते योग्य वाटलं. आम्ही जमिनीकडं बघत चाललो होतो, ते एका झाडाच्या सावलीत थांबले. तिथं आवळ्याच्या बिया पडलेल्या, चोखून टाकल्यासारख्या स्वच्छ, एका जागी. म्हणाले, “बसलं होतं जी इथं.” चितळ, भेकर आवळे गिळतात आणि मग बसून रवंथ करताना कठीण बिया तोंडातून बाहेर टाकतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पायाखाली बिया असूनही ओलांडून पुढं गेले असते. आमच्या तक्त्यात या खुणेला रकानाच नाही. मी शेऱ्यात लिहिलं.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. जनावर भरपूर असेल तिथं रेषा, तिच्याइतकं खरं दुसरं काही नाही. कॅमेरे वाघांना ठेवावेत, मचाण हौशींना. आणि भामरागडसारख्या रिकाम्या पडलेल्या रानात आधी असा माणूस सोबत घ्यावा, त्याला चांगली मजुरी द्यावी आणि तक्ता त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावा. आबाकाकांचा हाका मोजणीच्या काहीच कामाचा नाही. हे त्यांच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचू नका.

बल्लारशाहून रविवारची गाडी धरते. गॅसचा नंबर लावून ठेवा आणि आईला गरम पाण्याची पिशवी नवीन आणा, जुनी गळते.

आपली,
ताई